कुर्गची कडू कॉफी

बुधवार, संध्याकाळ

काव्याने, आमच्या सुनेने, आज दोन कप पुढ्यात ठेवले. एकात आंध्रातल्या अरकूची कॉफी, दुसऱ्यात तिच्या माहेरची, कुर्गची. "आई, चव वेगळी लागते का बघा." अरकूची आंबटसर, फळासारखी. कुर्गची जड, कडू. मी सरळ म्हणाले, "पहिलीच बरी. ही लई कडू हाय."

ती हळूच म्हणाली, "आमच्या बागेतली शेवटची आहे. अप्पांनी बाग विकली."

आधी का नाही सांगितलं? की मीच विचारायला हवं होतं? कडू तर कडू, तो कप मी संपवला. मग विचारलं, "कशी हुती गं तुमची बाग?"

पारनेरला येऊन तिला चार वर्षं झाली. आज पहिल्यांदा ती तासभर बोलली.