पायरीची कड

वेरूळ,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. प्रांजलीस बानाआजीचा आशीर्वाद. मी बरी हाय, मेंढरं माझ्याहून बरी. तू बंगळुरात येळेवर जेवतीस का नुसत्या मेंदूच्या पेशी तपासतीस?

मागं फोनवर तू सांगितलंस, डोळ्यानं आलेलं डोक्याच्या मागच्या बाजूला उमगतं. तिथल्या पेशींना उजेडाचं कौतुक नाय, फरकाचं हाय. काळ्याला लागून पांढरं आलं की त्या ओरडतात, समदं सारखं असलं की गप. आणि फरक कितीबी वाढला तरी एका हद्दीपुढं आवाज चढत नाय, शेजारच्याच त्यांना दाबतात. अगदी आपली भावकी. ह्याचा तुला पगार मिळतो म्हणून मी लई हसले.

मला पायऱ्या नीट दिसत नाय म्हणून तू म्हणालीस, त्यांच्या कडा रंगव. रंगवल्या. घरात मेंढरांवर खूण करायचा गेरू होता, तोच लावला. पांढऱ्या मेंढीवर कसा उठून दिसतो. पण आपल्या पायऱ्या काळ्या दगडाच्या. दिवेलागणीला गेरू दगडात मिसळला, पेशी गप बसल्या आणि मी खालच्या पायरीवर बसले. जरा जोरात.

बरं, पडले. कंबर शेकून ठीक झाली. तुला कळवायचं नाय असं तुझ्या बापाला मीच दटावलं होतं.

तुझा बाप अजिनाथ वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट सोडून पळत आला. म्हणाला, "आई, मेंढरं इकू. माझ्याकडं चल, तिथं लिफ्ट हाय."

"लिफ्टीत मेंढरं चारू का?"

ऐकेना. शेवटी ठरलं, सांजच्याला काठीबिगर उतरून दाखवलं तर मी इथंच राहायचं. दुपारी गेरू खरवडून कडांना जाड चुना ओढला. सांजंला कडा अशा दिसल्या की मी थेट खाली. तुझा बाप मागनं येताना लेंड्यांवरून घसरला. शेजारची पारूबाई हसून हसून भिंतीला टेकली. मेंढरं राहिली, मीबी राहिले.

पण माणसाच्या तोंडाला चुना ओढता येत नाय. परवा तुझ्या बापानं मोबाईलात तुझा फोटो दाखवला. मी म्हणलं, "व्हय, झकास." दिसलं नुसतं धुकं.

म्हणून शहरात छावणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतली. दिवाळी झाली की लगेच. आजवर नको म्हणायची ती भीतीनं. ही भीती बापाला सांगू नको.

पट्टी काढतील तवा समोर तू बस. तिथली भिंत पांढरी हाय, गडद काहीतरी घालून ये. पहिल्यांदा ओरडायचं तर माझ्या पेशींनी तुला बघून ओरडावं.

तुला नीट बघायची राहिलेली,
बानाआजी