इंजिन वाळेपर्यंत

सोमवार, ३ मार्च. सकाळी.
बाबा टूरवर गेले. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. फर्स्ट टाइम! म्हणाले, ताईचे दिवस भरत आलेत, जिजू बोटीवर, मी तिकडे. कधीही हॉस्पिटलला न्यावं लागेल. गाडी तयार ठेव, बाकी काही करू नकोस.
'बाकी काही'मध्ये क्लीनिंग येत नाही. माझं मत.

दुपारी.
बॉनेट उघडलं. धूळ, तेल, वाळकी पानं, एका उंदराचं घर. (उंदीर बाहेर गेला होता.) व्हिडिओतला माणूस म्हणतो, वाळकी पानं म्हणजे आगीला आमंत्रण. ताई गाडीत असताना पेटली तर? अंगावर काटा आला. भीतीने नाही, रिस्पॉन्सिबिलिटीने. उद्या इंजिन धुणार. सेफ्टी फर्स्ट.

मंगळवार, ४ मार्च.
सगळं रूलप्रमाणे. इंजिन पूर्ण गार. बॅटरीची निगेटिव्ह वायर पान्याने काढली. स्पार्क आला नाही, तरी ओरडलो. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, हवा आत घेणारा पाइप, सगळ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर टेप. पिशव्या आईच्या फ्रिजमधल्या. वाटाणे आता फ्रिजभर मोकळे हिंडतायत. आई म्हणाली, गाडी धुतोयस की पार्सल करतोयस?
तेलकट मळ काढणारा डिग्रीजर, मऊ ब्रश, बारीक फवारा. प्रेशर अजिबात नाही. काळं पाणी वाहून गेलं. इंजिन असं चमकतंय की त्यात भांग पाडावा. ताई खिडकीतून म्हणाली, वा! आता चालू करून दाखव. म्हटलं, आधी वाळू दे.

संध्याकाळी.
पिशव्या काढल्या. फ्यूज बॉक्सवरच्या पिशवीत थेंब दिसले. आतल्या बाजूला. वाफ असणार. हात लावून बघितलं नाही, कारण ओल्या ठिकाणी हात लावायचा नसतो. आणि कोरड्या ठिकाणी लावून उपयोग काय?

बुधवार, ५ मार्च.
काल झोपायच्या आधी एक व्हिडिओ बघितला. बघायला नको होता. एक माणूस धुतलेल्या इंजिनाला बॅटरी जोडतो, आणि मग नुसता धूर, तो माणूस दिसतच नाही.
घाबरलो नाही. फक्त सकाळी दूध हातातून सांडलं.
डिसिजन: अजून एक दिवस वाळू द्यायचं. एक्स्टेन्शन लावून टेबल फॅन खाली नेला, ताईचा हेअर ड्रायरही. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, इंजिनाला फार उकडतंय का रे? लोकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

गुरुवार, ६ मार्च.
पाना घेतला. वायर टर्मिनलच्या अगदी जवळ नेली. परत ठेवली. आभाळ आलं होतं, हवेत दमटपणा. दुपारी ऊन पडलं. ऊन फार होतं.
बाबांचा फोन. गाडी ठीक ना? म्हटलं, इतकी स्वच्छ कधीच नव्हती. हे खोटं नाही.
रात्री जेवताना ताई हळूच म्हणाली, वेळेवर पोचू ना रे? मला जाम भीती वाटते. मी हसलो. म्हटलं, अगं मी आहे ना. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. तिला काही झालं तर... पुढचं लिहीत नाही. पोट बिघडलंय, बाकी काही नाही.
उद्या नक्की जोडणार. रबरी ग्लोव्हज, हेल्मेट आणि आईचं लाकडी स्टूल काढून ठेवलंय. शॉक लागू नये म्हणून स्टुलावर उभं राहायचं.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये.
सकाळी मी स्टुलावर, हेल्मेट घालून, डोळे मिटून मेंटल प्रिपरेशन करत होतो. मागून आईचा आवाज. अरे, हिला कळा येतायत, आणि तू पुतळा होऊन काय उभा आहेस!
मी हललो नाही. पाय खरंच हलेनात. ताई आली, एक हात कमरेवर. वायर सुटलेली बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, चार दिवस गाडी अशीच? दे तो पाना. वायर बसवली, नट पिळला. स्पार्क नाही, धूर नाही. म्हणाली, उतर खाली, शहाण्या. चावी फिरव.
पहिल्या झटक्यात स्टार्ट. मी करणारच होतो, तिने घाई केली.
रस्ताभर ती कण्हत होती. प्रत्येक आवाजाला मी दचकून विचारायचो, इंजिन की तू? शेवटी किंचाळली, मीच आहे रे गाढवा, चालव!
पोचलो. आई तिला घेऊन आत गेली. मी गाडीतच. इंजिन बंद केलेलं नाही. एकदा बंद केलं आणि परत लागलंच नाही तर? तिला दुसऱ्या हॉस्पिटलला हलवायची वेळ आली तर? शिवाय चालू इंजिन आपोआप वाळतं. वॉचमन म्हणाला, बंद करा, धूर होतोय. म्हटलं, इमर्जन्सी आहे. म्हणाला, कोणाची? तुमची का?

साडेचार.
आईचा फोन. वर ये, ती तुला विचारतेय. म्हटलं, गाडी सोडता येत नाही. आईने फोन ठेवला. पेट्रोलचा दिवा लागलाय. पंप समोरच आहे, पण तिथे इंजिन बंद करायला लावतात. सो, नाही.

सहा.
आतून कोणी काही सांगत नाही. एसी लावलेला नाही, तरी हात गार पडलेत. देवा, तिला सांभाळ. इंजिनाचं मी बघतो.

सव्वासात.
गाडी एक आचका देऊन बंद पडली. बॉनेट उघडलं. सगळं कोरडं ठणठणीत. पेट्रोलही.
तेवढ्यात आईचा फोन. मुलगी झाली, दोघी छान आहेत. मी वॉचमनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तो म्हणाला, असू दे, पेट्रोल मिळेल.
वर जाऊन भाची बघितली. माझी करंगळी पकडून ठेवली तिने. ताई म्हणाली, घरी जाताना तूच ने हं आम्हाला. म्हटलं, ऑफ कोर्स.
मग खाली आलो. मी आणि वॉचमनने गाडी ढकलत रस्ता ओलांडला. पंपावरचा माणूस मान वर न करता म्हणाला, साहेब, आधी इंजिन बंद करा.