भिंतीवरची आई

पाटोदा
दि. २८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुनितास दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. स्टुडिओत आता पासपोर्ट फोटोचीच गिऱ्हाइकं येतात, तरी सकाळी शटर उघडल्याशिवाय मला करमत नाही.

परवा तू फोनवर हसत होतीस. "दादा, नात म्हनती भिंतीवरच्या फोटूत तूच हायस. म्या म्हनलं, मी लई आईवर गेलेय, बाई!" मग आईचा तो फोटो मोठा करून मागितलास. मी रेंज गेली म्हणालो. रेंज चांगली होती गं.

तुला आठवणार नाही, तू तीन वर्षांची होतीस, मी नऊचा. वाळत घातलेल्या शेंगा खाल्ल्या म्हणून शेतातल्या घरी ज्वारीच्या खोलीत लपलो, पत्र्याचं दार ओढून घेतलं. दाराला खिळ्याचं भोक होतं. बघतो तर समोरच्या भिंतीवर आपलं अंगण, खाली डोकं वर पाय! त्यात आई चालत होती, हिरवं लुगडं, डोक्यावर घागर, आणि पाणी सांडत नव्हतं. मी तळवा पुढे धरला, तर ती तळव्यावर आली. माराची भीतीच विसरलो. तिथून हे वेड लागलं ते आजतागायत.

त्याच वर्षी आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता.

तुझ्या लग्नाआधी तुला स्टुडिओत बसवलं, ज्यांच्याकडे मी फोटो काढायला शिकलो त्या उस्तादांच्या जुन्या लाकडी कॅमेऱ्यापुढे. त्याच्या काचेवर माणूस उलटं दिसतं. काळ्या कापडात डोकं घातलं, तर काचेवर तू, खाली डोकं वर पाय. भिंतीवरची आईच होती ती. तुला न सांगता मी एक फोटो जास्तीचा काढला. पुढे त्या फोटोवर ब्रश फिरवून कुंकू मोठं केलं, पदर कपाळावर ओढला, आणि कडा गावच्या मामांकडे आईचा फोटो सापडला असं तुला सांगितलं.

नात खरं बोलते, सुनिता. एवढी वर्षं तू स्वतःलाच हात जोडतेस. माफ कर मला. पण आईचा दुसरा चेहरा आता मलाही आठवत नाही गं.

भाऊबीजेला शेतातल्या घरी ये. दाराचं ते भोक मी कुणाला बुजवू दिलेलं नाही. नातीला हिरवा परकर घालून आण. भर दुपारी ती अंगणात चालेल. आपण दोघं आत दार लावून भिंतीकडे बघत बसू. तिथं येईल ती आई. तू हात पुढे धर.

तोवर फोटो भिंतीवरून उतरवू नकोस.

वाट बघणारा,
तुझा त्रिंबकदादा