दोन ओंजळी

नांदेड,
सोमवार

प्रिय स्वप्नाली,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा तेवढा दुखतो, पण त्या गुडघ्याची हकीकत तू फोनवर ऐकतेसच. फोन असताना ही बाई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तू मागच्या आठवड्यात पाहिलंस. ह्या दिवाळीला शांतम्माकडे जाऊ का, असं तू विचारलंस आणि मी म्हणाले, "तुझी टेस्ट आहे ना?" वर्गात एखाद्या पोरीनं अडचणीचा प्रश्न विचारला की मी फळा पुसायला घेते, तसलाच प्रकार. मग आपण दोघी तुझ्या मेसच्या वरणाबद्दल बोलत राहिलो.

शनिवारी आमच्या नववीची सहल सहस्रकुंडला गेली होती. धबधबा अजून जोरात आहे. पोरींना काठापासून मागे बोलावता बोलावता माझा घसा बसला. परतताना इस्लापूरच्या बाजूला, पैनगंगेच्या काठी वकीलबाबांचं स्मारक आहे, तिथे थांबायचं असं मीच ठरवलं होतं. गुरुलिंग वकील मूळचे उदगीरचे. निजामाच्या राज्यात, वर इंग्रजांचा वचक असताना, इकडचं जंगल राखीव केलं आणि आतल्या गोंडांच्या वस्त्या उठवायला लागले. तेव्हा हे गृहस्थ नांदेडातली चांगली चालती वकिली सोडून त्या लोकांत जाऊन राहिले आणि त्यांचा खटला हैदराबादपर्यंत लढले. काही वस्त्या वाचल्या, काही नाही वाचल्या. ज्यांची घरं गेली ती माणसं नदीकाठी येऊन राहिली, आणि वकीलसाहेब मरेपर्यंत त्यांच्यातच राहिले. मी हे सगळं रंगवून सांगत होते, पण पोरींचं निम्मं लक्ष चिवड्यात.

चौथऱ्यावर अर्धपुतळा आहे. कोट, पगडी, आणि मिशा अशा की न्यायाधीशानं बघूनच निकाल द्यावा. पण तिथली माणसं पुतळ्याकडे फारशी जात नाहीत. खाली नदीच्या पायऱ्या सुरू होतात तिथे त्यांचा स्वतःचा एक दगड आहे, त्यांच्या आज्यापणज्यांनी वकीलबाबांच्या नावानं उभा केलेला. तिथे जंगूबाई नावाच्या एक गोंड बाई झाडलोट करत होत्या. त्यांनी रीत सांगितली. नदीतून ओंजळभर पाणी आणायचं, दगडावर घालायचं आणि आपल्या गावाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. पोरींना मजाच वाटली. मीही पाणी घातलं, नांदेड म्हटलं आणि निघाले, तर त्या म्हणाल्या, "आमी दोनदा घालतो, बाई. एकदा राहतो त्या गावाचं, एकदा उठलं त्या गावाचं." त्या उठलेल्या वस्त्यांत जन्मलेलं माणूस आता शोधून सापडायचं नाही, तरी तिथली पोरंसोरं दोन्ही नावं घेतात. मग त्यांनी लेकरंबाळं विचारली. मी म्हटलं, एकच मुलगी, लातूरला शिकते. "मग तिचंबी घाला की. तिचं एक गाव हाय का दोन?"

एवढा साधा प्रश्न. मला ती पत्र्याची शेड आठवली. भूकंपानंतर बाबांची ड्यूटी तिकडच्या छावणीत लागली होती आणि मी कपडे वाटायला सोबत गेले होते. शांतम्मा पाय प्लास्टरमध्ये घालून पडली होती आणि तिच्या कुशीत तू, तिची नात, दोन वर्षांची. मुलगा, सून, हातोळीचं घर, तिचं सगळंच गेलं होतं. मी तुला उचललं तर तू माझा पदर सोडेनास. पुढे चार दिवसांनी तीच म्हणाली, "न्या बाई हिला. माझ्यानं उठवंना, हिच्यामागं कोन पळंल? पन मी हाय म्हनून सांगा तिला." ते आम्ही सांगितलं. तुला ते कळतं तेव्हापासून माहीत आहे.

एक मात्र तुला माहीत नसेल. नांदेडला आल्यावर कितीतरी दिवस संध्याकाळ झाली की तू दाराशी जाऊन 'अव्वा' अशी हाक मारायचीस. तिकडे आईलाही अव्वा म्हणतात आणि आजीलाही, त्यामुळे तू कुणाला बोलावतेस ते मला कळायचं नाही. मी तुला कडेवर घेऊन गल्लीतल्या गाई दाखवायचे. मग एक दिवस ती हाक थांबली आणि तू मला आई म्हणालीस. मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. कशाचे, असं लोकांनी विचारलं की मी आणखी एक पेढा पुढे करायचे.

तेव्हापासून माझ्या मनात एक धास्ती आहे. क्लाससाठी तुला लातूरला ठेवलं, आणि शांतम्माचं नवं गाव तिथून एसटीनं जेमतेम दीड तास. तू तिला शोधून काढलंस, रविवारी जायला लागलीस, फोनवर तिच्या हातच्या भाकरीचं कौतुक सुरू झालं. मला वाटलं, गेली पोरगी. एक दिवाळी तिकडे झाली की पुढच्या सगळ्या तिकडेच. टेस्टचं मी उगीच पुढे केलं, स्वप्ना. मला तिचा हेवा वाटतो. एकट्या, अधू पायाच्या म्हातारीचा हेवा.

जंगूबाई वाट बघत होत्या. मी परत पायऱ्या उतरले. वर येईपर्यंत ओंजळ गळून रिकामी. मॅडम, बाटलीतलं घाला ना, असं पोरी म्हणाल्या, तर मी त्यांच्यावर खेकसले. पुन्हा उतरले, बोटं घट्ट जुळवून पाणी आणलं आणि तुझ्या नावानं नांदेड म्हटलं. मग आणखी एकदा उतरले आणि हातोळी म्हटलं. आपल्या घरात आपण नेहमी 'तिकडे' म्हणतो, ते नाव घेत नाही. मी ते पोरींसमोर मोठ्यानं घेतलं आणि तिथेच रडले. पोरी घाबरल्या. मला मात्र फार हलकं वाटलं.

तर दिवाळीला तू शांतम्माकडे जा. एक टेस्ट बुडाल्यानं कुणाचं मेडिकल जात नाही. पण एवढं सांगायला फोन पुरला असता. पत्र लिहिलं ते मला तुझ्याकडे काही मागायचं आहे म्हणून, आणि मागताना माझा आवाज कापलेला तुला ऐकू येऊ नये म्हणून. तूच मला सांगितलंस की भूकंपापासून शांतम्मानं दिवाळीचं अभ्यंग केलेलं नाही, कारण पाठीला तेल चोळायला घरात बाईमाणूसच उरलं नाही. ह्या नरकचतुर्दशीला पहाटे तुला तेल तिनं लावावं. तो मान तिचा आहे. पण तिच्या पाठीला मी तेल लावलं, तर तिला चालेल का? तू तिला विचार. नको म्हणाली तर तसं कळव, मी मुळीच रागावणार नाही. हो म्हणाली, तर मी आदल्या दिवशीच्या एसटीनं येते.

तुझीच,
नांदेडची आई