जाऊबाईंचा फोटो उघडेना

घाटंजी, मंगळवार, संध्याकाळ

उद्या जाऊबाईंची तेरवी, आणि फ्लेक्सवर लावायचा फोटो अजून तयार नाही. त्यांच्या लेकीने, सुनीताने, मेलवर पाठवला. डाउनलोड केला की नावामागचं जेपीजी जाऊन जेएफआयएफ होतं. पुन्हा केला, पुन्हा जेएफआयएफ. ब्राउझरला कुणी सांगितला हा शहाणपणा?

सुनीताला फोनवर झापलं. "काकू, मी तं जेपीजीच पाठवला. तुमीच काहीतरी करून राह्यल्या!" मी? मी काय केलं?

फ्लेक्सवाला सलीम म्हणे, "ताई, आमच्याकडे हे उघडूनच नाही राह्यलं. आधारवरचा फोटो द्या, तो लावून देतो." आधारवरचा! त्यात जाऊबाई मरायच्या आधीच मेल्यासारख्या दिसतात. हसतानाचा त्यांचा हा एकच फोटो आहे.

शेवटी वैतागून जेएफआयएफ खोडलं आणि हाताने जेपीजी लिहिलं. फाइल निकामी होईल, अशी कॉम्प्युटरची धमकी. होऊ दे, म्हटलं. उघडला! लगेच सलीमला पाठवला.

"आला, ताई. भारी हसून राह्यल्या की!"

हसणारच. तो फोटो काढला तेव्हाही मी समोर उभी राहून कुणावर तरी ओरडतच होते.