मायचा मेंदू वाचवायचा एकवीस दिवसांचा प्लॅन

१० नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. खंड नाही.
बोरीला येऊन आठ दिवस झाले. सुरत झालं, पुणं झालं, हैदराबाद झालं. आता कुठंच जायचं नाही. फायनल.
मायची दुसरी केमो पाच तारखेला झाली. तिसरी एकवीस दिवसांनी, सव्वीसला, नांदेडला. केस गेले त्याचं तिला काही नाही. पण विसरायली. भाजीत दोनदा मीठ. चुलीवर दूध ठेवून शेळ्यांकडं गेली. शीलावहिनी म्हणाली, नर्सनं सांगितलंय, केमोत काहीजणांचं असं होतं, एका वेळी एकच काम करा, लिहून ठेवा. मायला लिहिता येत नाही. ती पदराला गाठ मारते. २०२५ साल चालू आहे आणि आमच्या घरात पदराला गाठ.
मी मोबाईलवर वाचलं. केमोनं मेंदूला एक प्रकारचा गंज चढतो. अँटीऑक्सिडंट म्हणजे गंज काढायचं औषध. विटामिन सी, विटामिन ई. उंदरांना देऊन बघितलं, उंदीर हुशार राहिले. लेख लांब होता, शेवट वाचायचा राहिला. पण मुद्दा कळला.
घरात हे कळणारा मी एकटाच.

११ नोव्हेंबर
आधी परीक्षा, मग विटामिन. फरक कळला पाहिजे. दहा प्रश्न काढले. नऊ शेळ्यांचे, कारण शेळ्या तिला पोरांपेक्षा पाठ. दहावा: अंगद किती दिवस राहणार? बरोबर उत्तर: कायमचा.
मार्क दहापैकी चार. भुरीला पिल्लं किती, तर म्हणाली दोन. माझ्या उत्तरसूचीत तीन. बांडी कुठं आहे, तर म्हणाली, बांडी कवाच मेली की रे. चूक.
दहाव्याला उलट मलाच विचारलं, "कवा निघायलास, बाबा?"
कालच सांगितलं होतं. शून्य.
हसत होती. हे पण लक्षण असेल. बघावं लागेल.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
आवळे आणि कॅप्सूल आणायला जिंतूरला गेलो. मेडिकलवाला म्हणाला, कुणासाठी? खरं सांगितलं. म्हणाला, केमो चालू असंल तर डॉक्टरला विचारल्याबिगर देत नसतेत. मग म्हणालो, माझ्यासाठी. दिल्या.
स्टँडवर दत्ता भेटला, शाळेतला. पिकअप घेतलीय. तिच्या स्पीकरची वायरिंग बघता बघता चार वाजले. आवळे एक किलो घेतले होते. एसटीत थोडे खाल्ले. घरी नऊ पोचले.

१४ नोव्हेंबर
थोरल्या भावानं, रामहरीदादानं, बाटली बघितली आणि सरळ नांदेडला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, उंदरांत दिसलं म्हणजे माणसात सिद्ध झालं असं नाही. जेवणातला आवळा चालेल, पण जास्त डोसच्या गोळ्यांनी केमोच्या कामात अडथळा येऊ शकतो, देऊ नका.
दादा म्हणाला, "उंदरावरचं मायवर कराय निघाला, शाहणा!"
ठीक आहे. सव्वीसला डॉक्टरला स्वतः भेटणार, मार्कांची वही घेऊन. वहीपुढं डॉक्टर काय बोलणार?
बाटली माझ्या बॅगेत.

१७ नोव्हेंबर
दोन दिवस लिहिलं नाही. दत्ताच्या गाडीचं काम.
आज मार्क पाच. दहाव्याला पुन्हा तेच, "कवा निघायलास?"
पदराला तीन गाठी. पहिली, चोवीसला जिंतूरला रगत तपासायचं. दुसरी, ताप बघायचा. तिसरी कशाची विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय?" म्हणजे विसरली.
दादानं सांगितलंय, कापूस वेचणी आहे, तपासायला तू घेऊन जा. हो म्हणालो. लक्षात आहे.

२० नोव्हेंबर, दुपार
नवा शोध. काठी धरली की पाय आळशी होतात, तसं गाठ मारली की मेंदू. दादा-वहिनी रानात. माय लुगडं बदलून निजली होती. तिचं लुगडं मी स्वतः धुतलं. साबण भरपूर. गाठी सोडून टाकल्या.
उठल्यावर पदर हातात घेऊन बराच वेळ बसली. चाचपत होती. म्हणाली, "अंगद, कायतरी होतं रे हितं."
म्हणालो, आठव. व्यायाम होतो.
तिचं तोंड बघवंना. शेळ्यांकडं जाऊन बसलो.

२६ नोव्हेंबर, नांदेड, हॉस्पिटलचा बाक
चोवीसला मी दत्ताबरोबर पालमला होतो. रक्त तपासायचं राहिलं. रिपोर्ट नाही, ताकद किती आहे कळल्याशिवाय केमो नाही. आज तपासलं, पेशी कमी निघाल्या. सोमवारी बोलावलंय.
दादा माझ्याकडं बघायला लागला. त्यापेक्षा शिव्या बऱ्या. मायच म्हणाली, "माझ्याच ध्यानात न्हाई राहिलं. त्याला कशाला बघायलास?"
मग दादानं वही मागितली. वाचली. म्हणाला, "भुरीला दोनच पिल्लं हायेत. बांडी तू सुरतला असतानाच मेली. उत्तरं कुणी लिहिली?"
मी. आठवून.
मायची नऊच्या नऊ बरोबर निघाली. तरी दहावं चूकच.
डॉक्टरला भेटायचं राहिलं. गर्दी होती.

२८ नोव्हेंबर
दत्ताला सोलापूरला सोयाबीन पोचवायचंय, सोबत पाहिजे. दोनच दिवस. रविवारी परत, सोमवारी मायबरोबर नांदेड. बॅग नेतोय ती फक्त टॉवेलसाठी.
मायनं विचारलं नाही, कवा निघायलास. दारात उभी होती.

२ डिसेंबर, मंगळवार, सोलापूर, दुपार
दत्ताला पुढचं भाडं लागलं. हुबळी. मी अजून हुबळी बघितलेली नाही.
वहिनीचा फोन. काल केमो झाली. दादा गेला होता सोबत. माय निजलीय. विचारलं, माझं काही विचारलं का? वहिनी म्हणाली, "पोचला का, एवढंच. आन् धपाटे खाल्ले का?"
कसले धपाटे? म्हणाली, "बॅग बघा की भावजी. तिसरी गाठ त्याचीच होती. तुम्ही निघताल तवा बांधून द्यायचे म्हणून. वासानं मळमळायलं तरी थापत बसल्या."
ती गाठ मी सोडली होती. वीस तारखेलाच.
बॅगेत टॉवेलखाली कॅप्सूलची बाटली, तिच्याखाली फडकं. चार दिवसांपूर्वीचे धपाटे.
दहावा प्रश्न पुन्हा तपासला. बरोबर. दहापैकी दहा.
वहिनीनं पुढल्या केमोची तारीख सांगितली होती. फोन ठेवला आणि आठवंना.
दत्ता हॉर्न वाजवायलाय.
फडक्याची गाठ अजून सोडलेली नाही.