ब्लर म्हणजे अंधुक

ब्लर: अंधुक. वाक्य: सुईचं भोक मला ब्लर दिसतं.

पेशन्स: धीर. वाक्य: काजं करायला पेशन्स लागतो, म्हणून हल्ली शेजारीण करून देते.

डेंजर: धोका. वाक्य: रस्ता ओलांडणं डेंजर झालंय, उजवीकडून येणारी गाडी दिसतच नाही.

मास्तरीणबाई, ओळख लागते का? तू मला घालून दिलेल्या इंग्रजीच्या वहीतलीच वाक्यं आहेत. इथे मराठीत उतरवली, म्हणजे वाचशील तरी. रोज एक शब्द, त्याचा अर्थ आणि आपल्या मनाचं एक वाक्य, हा तुझा नियम. उद्या तुझं लग्न ठरलं आणि सासरच्यांसमोर आईने तोंड उघडलं तर तुला मान खाली घालावी लागू नये, म्हणून. मला खोटं वाक्य सुचत नाही, मी होतं तेच लिहीत गेले. तू लाल पेन घेऊन, डोळ्यांत तेल घालून स्पेलिंगं तपासलीस, खाली 'छान' लिहिलंस आणि पान उलटलंस. चार महिने.

आज डोळ्याचं ऑपरेशन आहे. शेजारीण सोबत आहे, तू ऑफिस सोडून धावत येऊ नकोस. जेवण झाकून ठेवलंय. मशीनवरच्या निळ्या फ्रॉकला हूक लावायचे राहिलेत. फ्रॉकवाल्या बाई आल्या तर सांग, पुढच्या आठवड्यात या. आजचा शब्द मी लिहिलेला नाही.

आई

मंगळवारी डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, घरी कोण असतं. मी इंग्रजीतच सांगितलं, मी एकटी राहते.